शिंकताना लघवी होते, कंबर धरते, पोट सुटलंय: पिलाटिसचा उपयोग होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, दोन बाळंतपणं, त्यातलं दुसरं सिझेरियन. दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसून काम. कंबर दुखते, शिंक किंवा जोराचा खोकला आला की थेंबभर लघवी होते, पोट सुटलं आहे. घराजवळ रिफॉर्मर पिलाटिसचा, म्हणजे स्प्रिंगच्या सरकत्या गादीवर करायच्या व्यायामपद्धतीचा स्टुडिओ निघालाय, फी महिना आठ हजार. बायकांना याचा नेमका फायदा काय? योगासनं चालू असताना हे वेगळं कशाला? आणि ६९ वर्षांच्या आईलाही नेलं तर चालेल का? तिची हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालं आहे.

आधी उत्तरं सांगते. कंबर आणि लघवी, या दोन्हींसाठी उपयोग होईल, पण शिकवणारी व्यक्ती बायकांच्या शरीराचं शिकलेली असेल तर. पोटाचा घेर पिलाटिसने उतरेल अशी आशा ठेवू नका. योगासनं सोडायचं काहीच कारण नाही. आईला मात्र तुमच्या बॅचमध्ये नेऊ नका, तिच्याबद्दल शेवटी स्वतंत्रपणे लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बाळंतपणानंतरच्या आणि पाळी जायच्या वयातल्या बायका जास्त असतात. त्या येतात कंबर दुखते म्हणून. लघवीचं कोणी आपणहून सांगत नाही; मीच विचारते, तेव्हा आधी दाराकडे बघून मग हळूच ‘हो’ म्हणतात. कित्येकींनी दोरीवरच्या उड्या, झुंबा, गरबा हे सगळं याच कारणाने बंद केलेलं असतं आणि घरी सांगितलेलं असतं की गुडघे दुखतात. तुम्ही ते प्रश्नातच लिहिलंत, बरं केलंत, कारण पिलाटिसचा बायकांना होणारा खरा फायदा तिथेच आहे.

पोटाच्या पोकळीला चार बाजूंनी स्नायू आहेत. वर श्वासपटल. खाली पेल्विक फ्लोअर, म्हणजे मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून उचलून धरणारा स्नायूंचा थर. पुढून आणि बाजूंनी कमरपट्ट्यासारखा आडवा जाणारा ट्रान्सव्हर्स ॲबडॉमिनिस. मागे मणक्यांना लगटून असलेले मल्टिफिडस. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली येतं आणि त्याबरोबर पेल्विक फ्लोअरही थोडा खाली जातो. श्वास सोडला की दोन्ही वर येतात. निरोगी शरीरात शिंक यायच्या क्षणभर आधी हे खोल स्नायू आपोआप आवळले जातात आणि पोटातला वाढलेला दाब पेलतात. नऊ महिने ताणलेलं पोट, बाळंतपणात ताणलेला खालचा थर, सिझेरियनची खूण, त्यात वर्षानुवर्षं खुर्चीवर वाकून बसणं, यांमुळे ही वेळ चुकते. स्नायू नसतात असं नाही. ते उशिरा येतात, किंवा कमी येतात. कंबरदुखी असलेल्यांमध्ये ट्रान्सव्हर्स ॲबडॉमिनिस उशिरा कामाला लागतो, हे १९९० च्या दशकात स्नायूंचे विद्युतसंकेत मोजून दाखवलं गेलं, आणि त्यानंतरच फिजिओथेरपिस्ट मंडळी पिलाटिसकडे गांभीर्याने बघू लागली.

पिलाटिस नेमकं याच जागी काम करतं. प्रत्येक हालचालीला श्वास जोडलेला, हालचाल संथ, दहा-बारा वेळांपेक्षा जास्त नाही, आणि ‘हात-पाय हलू देत, मधलं धड हलू देऊ नका’ हा एकच धोशा. जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा, म्हणजे पेल्विक फ्लोअर वर येत असतानाच पोट कामाला लागतं. ही जोडी बसली की बादली उचलताना, मुलाला कडेवर घेताना, जिना चढताना ती आपसूक वापरली जाते.

उलट, पोट आत ओढून श्वास रोखून धरणं हे टूथपेस्टची ट्यूब मधोमध दाबण्यासारखं आहे. झाकण सैल असेल तर पेस्ट तिथूनच बाहेर येणार. बऱ्याच क्लासमध्ये ‘टाइट, टाइट, पोट टाइट’ असं ओरडत शिकवतात. लघवीची तक्रार असलेल्या बाईला अशा क्लासने त्रास वाढतो, आणि मग ती म्हणते पिलाटिस मला सोसलं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण स्टुडिओवाले ती सांगत नाहीत. खोकताना-शिंकताना लघवी होण्यावर सर्वांत भक्कम पुरावा पिलाटिसचा नाही, पेल्विक फ्लोअरच्या थेट व्यायामाचा आहे. कॉक्रेन ही संस्था एकेका विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१८ च्या आढाव्यात असे व्यायाम केलेल्या बायकांपैकी ५६ टक्के जणींनी तक्रार पूर्ण गेल्याचं सांगितलं. काहीच उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. ब्रिटनमधली नाइस ही संस्था औषध-शस्त्रक्रियेच्या आधी किमान तीन महिने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दिवसातून तीनदा किमान आठ-आठ आकुंचनं करायला सांगते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हा स्नायू सापडू दे, मग तो पिलाटिसमध्ये वापरा. स्नायूच सापडला नसेल तर रिफॉर्मरवर घातलेले पैसे मांड्यांना मिळतील, त्याला नाही.

सापडवायचा कसा? उताणं झोपा, गुडघे मुडपलेले. वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखायची आहे अशी कल्पना करा आणि मागून पुढे, मग वर, असं आत उचला. नितंब आवळले जात असतील, मांड्या एकमेकींना चिकटत असतील किंवा श्वास थांबला असेल तर चुकतंय. उचलणं जितकं महत्त्वाचं तितकंच पूर्ण सोडणंही. ज्यांनी योगातला मूलबंध व्यवस्थित शिकलेला आहे त्यांना ही जागा लवकर कळते, हा माझा नेहमीचा अनुभव. चालू लघवी मध्येच थांबवून सराव करू नका. त्याने मूत्राशय रिकामं होण्याची सवय बिघडते. आणि आजपासूनच एक करा: शिंक येतेय असं वाटलं की शिंकायच्या आधी हा स्नायू उचला आणि शिंक संपेपर्यंत धरून ठेवा. एवढ्या एका सवयीने कपडे ओले होणं बरंच आटोक्यात येतं.

काही जणींचा पेल्विक फ्लोअर सैल नसतो, उलट कायम आखडलेला असतो. संबंधांच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, पूर्ण झाली नाही असं वाटत राहणं, ही त्याची लक्षणं. त्यांना आवळण्याचे व्यायाम देणं चूक आहे, आधी सोडायला शिकवावं लागतं. तुम्हाला यातलं काही असेल तर स्टुडिओच्या आधी स्त्रियांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. योनीमार्गात काही खाली आल्यासारखं, जड वाटत असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा जळजळ होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. आणि कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडणं किंवा बसायच्या जागेला बधिरपणा येणं असं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. तिथे कुठलाच व्यायाम नाही.

कंबरेबद्दल. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात पिलाटिसच्या १० चाचण्या आणि ५१० रुग्ण होते. निष्कर्ष असा की काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसत्या सल्ल्यापेक्षा पिलाटिसने वेदना आणि हालचालीतली अडचण कमी होते. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं खात्रीने म्हणता येत नाही. पुरावाही फार वरच्या दर्जाचा नव्हता. तुमच्यासारख्या बायकांना मी तरीही ते सुचवते. कंबर दुखणाऱ्या माणसाला वाकायची भीती बसलेली असते, आणि पिलाटिसमध्ये हालचाल संथ, आधार दिलेली आणि मोजकी असल्यामुळे ती भीती लवकर जाते. पण आठवड्यातून दोनदा पिलाटिस आणि उरलेले दिवस नऊ तास खुर्चीवर, याने काही होणार नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, म्हणजे उठावं लागेल.

पोटाकडे वळू. आधी एक तपासणी घरीच करा. उताणं झोपून गुडघे मुडपा, बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेवा आणि डोकं थोडंसं उचला. मधोमध खाच लागून दोन किंवा अधिक बोटं आत जात असतील, किंवा उभा उंचवटा वर येत असेल, तर पोटाच्या स्नायूंचे दोन उभे पट्टे बाळंतपणात लांब गेले आहेत आणि अजून जवळ आलेले नाहीत. याला डायास्टेसिस म्हणतात. मूल दहा वर्षांचं झालं तरी तो राहिलेला असू शकतो, आणि पुष्कळदा ‘सुटलेलं पोट’ म्हणजे चरबीपेक्षा हेच असतं. अशा पोटाला योग्य व्यायामाने आधार मिळतो, दिसण्यातही फरक पडतो. पण त्या काळात हंड्रेड, रोल-अप, डबल लेग स्ट्रेच यांसारखे डोकं-खांदे उचलून करायचे व्यायाम बाजूला ठेवायचे. उंचवटा दिसला की तो व्यायाम आज तुमचा नाही.

उरलेली चरबी पिलाटिस जाळत नाही असं नाही, पण फार थोडी जाळतं. सुरुवातीच्या मॅट पिलाटिसला लागणारी शक्ती साधारण ३ मेट धरतात, म्हणजे शांत बसण्याच्या तिप्पट, सावकाश चालण्याइतकी. ६५ किलोच्या बाईला तासाभरात जेमतेम दोनशे कॅलरी. ‘महिन्यात चार इंच’ असे फलक बघितले की मला राग येतो, कारण चार इंच न उतरलेली बाई व्यायामच सोडून देते आणि मग कंबर-लघवीचा होऊ शकणारा फायदाही जातो. घेरासाठी चालणं, खाणं आणि झोप पाहावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम असं आहे. पिलाटिस या दुसऱ्या भागात थोडंफार मोजता येईल, पहिल्यात फारसं नाही.

योगासनं की पिलाटिस, हा वाद मला निरर्थक वाटतो. सेतुबंधासन आणि शोल्डर ब्रिज, भुजंगासन आणि स्वान हे शेजारीशेजारीच आहेत. आसनात स्थिर राहायचं असतं, पिलाटिसमध्ये हालचाल चालू असताना धड स्थिर ठेवायचं असतं. तुम्ही सूर्यनमस्कार घालता आणि त्याने बरं वाटतं, तर घालत राहा. फक्त जोर लागेल तिथे श्वास सोडायची सवय त्यातही आणा.

हा प्रकार मुळात बायकांसाठी निघालेला नाही. जोसेफ पिलाटिस १८८३ मध्ये जर्मनीत जन्मला, लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार झालेला मुलगा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आइल ऑफ मॅनच्या छावणीत डांबलं होतं, तिथेही त्याची व्यायामपद्धती चालूच होती. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालंशीन, मार्था ग्रॅहम यांच्याकडचे नर्तक त्याच्याकडे येऊ लागले. १९४५ मध्ये त्याने मॅटवरचे ३४ व्यायाम छापले. त्या ३४ मध्ये मणका पुढे गोल करायचे प्रकार भरपूर आहेत. नर्तकांच्या शरीराला ते शोभतात, पण दोन बाळंतपणं झालेलं पोट किंवा ६९ वर्षांचा मणका त्यात धरलेला नाही. म्हणून ‘आम्ही मूळ पद्धतीच शिकवतो’ असं अभिमानाने सांगणारा शिक्षक तुमच्यासाठी उत्तम असेलच असं नाही. शिवाय २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने पिलाटिस हे नाव कोणा एकाच्या मालकीचं नाही असा निकाल दिला, आणि आपल्याकडेही दारावर ही पाटी लावायला कोणी अडवत नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी दोन-तीन गोष्टी बघा. पहिल्या दिवशी बाळंतपण, टाके, लघवी, पाळी, रक्तदाब याबद्दल विचारलं का? विचारलं नाही तर तिथूनच परत फिरा. एका बॅचमध्ये किती जणी? रिफॉर्मरवर आठ-दहा जणींना एकच शिक्षक मोठ्याने गाणी लावून पळवत असेल तर तो कार्डिओ आहे, चांगला असेलही, पण तुम्हाला हवा तो नव्हे. आणि ‘हा व्यायाम मला जमत नाही’ म्हटल्यावर दुसरा देतात की ‘जमेल, करा’ म्हणतात?

रिफॉर्मर म्हणजे स्प्रिंग लावलेली सरकती गादी. स्प्रिंग बदलून तोच व्यायाम सोपा किंवा अवघड करता येतो, हा त्याचा मोठा गुण. अशक्त किंवा दुखणाऱ्या शरीराला आधार मिळतो. पण तो अनिवार्य नाही. तुमच्या जागी मी महिना आठ हजार भरण्याऐवजी चांगल्या व्यक्तीकडे काही एकटीचे वर्ग घेईन, व्यायाम नीट बसवून घेईन, आणि पुढे घरी सतरंजीवर करीन, मधूनमधून दाखवून येईन.

घरी सुरुवात करायला एवढं पुरे. उताणं झोपून हात बरगड्यांच्या बाजूंना ठेवा. श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलल्या पाहिजेत, सोडताना पेल्विक फ्लोअर आणि खालचं पोट हलकंच वर-आत. हे नीट जमायला आठवडाभरही लागेल, घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मग त्याच स्थितीत श्वास सोडत एक गुडघा छातीच्या दिशेने उचला, खाली ठेवा, दुसरा. कंबर जमिनीवरून उचलली किंवा दाबली जाता कामा नये. ते सोपं झालं की शोल्डर ब्रिज, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडायचा क्लॅम, आणि हातापायांवर ओणवं होऊन एक हात पुढे व विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणं. प्रत्येकी आठ-दहा वेळा, वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. व्यायाम करताना थेंब गेला तर तो व्यायाम तुमच्या आजच्या ताकदीपलीकडचा आहे, एक पायरी खाली या. लघवीत फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. पहिल्या पंधरवड्यात काहीच झालं नाही म्हणून सोडू नका.

पाळीतल्या दुखण्यालाही नियमित व्यायामाने आराम पडतो. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात आठवड्यातून तीनदा पाऊण ते एक तास व्यायामाने वेदना बऱ्यापैकी घटल्याचं आढळलं, फक्त तो पुरावा कमी दर्जाचा होता आणि तो सगळ्या प्रकारच्या व्यायामांचा मिळून होता, एकट्या पिलाटिसचा नाही. पण अतिरक्तस्राव, किंवा दरवेळी वाढत जाणारं दुखणं, हे व्यायामाने दाबून ठेवायचं नसतं. कोणी गरोदर बाई हे वाचत असेल तर: डॉक्टरांची हरकत नसेल तर बदल केलेलं पिलाटिस चालतं, पहिल्या तिमाहीनंतर फार वेळ उताणं झोपून मात्र नको.

तुमचं वय ४३ म्हणून एक जास्तीचं. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधी. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यांत वेगाने झिजतात. झोपून केलेल्या मॅटवरच्या व्यायामाने हाडांवर पुरेसा भार पडत नाही. त्यासाठी उभ्याने, वजन घेऊन व्यायाम लागतो: बैठका, डंबेल, जिना. आत्तापासून आठवड्यातून दोन दिवस तो सुरू करा. पिलाटिसमधून धडाला आलेला आधार वजन उचलताना उपयोगी पडेल.

आणि आई. ठिसूळ हाडांच्या मणक्याला पुढे वाकवून केलेला व्यायाम धोक्याचा असतो. १९८४ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ असलेल्या ५९ बायकांचे गट केले होते. पुढे वाकायचे व्यायाम केलेल्यांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यात नवे दबलेले अस्थिभंग दिसले, पाठ मागे ताणायचे व्यायाम केलेल्यांत १६ टक्के. अभ्यास लहान आहे, पण त्यानंतर अशा बाईला रोल-अप द्यायला माझा हात धजावत नाही. आईसाठी रोल-अप, बॉलसारखं मागेपुढे लोळणं, पाय डोक्यामागे नेणं, वाकून कमरेतून पिळणं, हे सगळं बाद. तिला कुशीवरचे पायांचे व्यायाम, पालथं झोपून छाती थोडीशी उचलणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं आणि एका पायावर तोल सांभाळणं हे चालेल, आणि हे तिला एकटीला, कोणी शेजारी उभं राहून शिकवलेलं हवं. जमिनीवर बसता-उठता येत नसेल तर पलंग आणि खुर्ची वापरा. पहिल्या भेटीला तिचा डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या. अलीकडे तिची उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, किंवा पाठीत मध्येच अचानक दुखायला लागलं असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी मणक्याचा एक्स-रे काढून घ्या.